‘दाब’चं दुसरं मिक्स

उन्हाळा आला की दौंडात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं मंगल कार्यालय जागं होतं. दाराला नवा रंग लागतो, केळीचे खुंट उभे राहतात, आणि मग दिवसाआड एक वरात. वरात म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत. ती जवळ यायला लागली की आधी मांडणीतली भांडी थरथरतात, मग छातीत काहीतरी हलतं, आणि गाणं कोणतं ते सगळ्यात शेवटी कळतं. शेजारच्या मावशी कानात कापूस घालून बसतात आणि मला विचारतात, तुला कसं सोसतं म्हणून. सोसत नाहीच. पण एकेका आवाजावर वेगळं चिडायलाही अंगात जोर लागतो, तो आता माझ्याकडे उरलेला नाही. मी दार लोटून घेते, पंख्याखाली बसते, आणि कारेगावचा एक उन्हाळा आठवत राहते.

मी मूळची कासुर्डीची. लग्न होऊन मांडवगण फराट्याला गेले आणि वर्ष भरायच्या आत कारेगावला खोली करून राहिले, कारण माझा नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत प्रेस शॉपला ऑपरेटर होता. त्याचं नाव दत्तात्रय. घरात मी ‘अहो’च म्हणते. पण लिहिताना ‘हे आले, हे गेले’ केलं तर कोण आलं आणि कोण गेलं ते कळायचं नाही, म्हणून इथं आपली दत्ता म्हणते.

तेव्हा कारेगावात कांद्याच्या वावरात खोल्यांच्या रांगा उठत होत्या. पत्र्याचं छप्पर, एक दार, एक खिडकी. आमच्या एका बाजूला लातूरकडचं जोडपं, दुसऱ्या बाजूला बिहारची चार पोरं. दुपारी पत्रा तापला की टकटक वाजायचा आणि खोलीतली हवा भाकरीच्या तव्यावर धरल्यासारखी व्हायची. मीही कामाला होते, दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला, फर्स्ट शिफ्टला. दत्ताची शिफ्ट आठवड्याला बदलायची. कधी मी घरी यायची तेव्हा तो निघालेला असायचा, कधी तो यायचा तेव्हा मी गाढ झोपलेली. आमचा संसार त्या वर्षांत शेजारणीकडे ठेवलेल्या किल्लीवर चालला होता. भांडायलाही दोघं एका वेळी जागं असावं लागतं.

त्या खोलीत एका लोखंडी पेटीवर दत्ताचा कॉम्प्युटर होता. पुण्याहून सुटे भाग आणून त्यानं जुळवलेला. धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर माझ्या जुन्या साडीचा तुकडा घातलेला असायचा.

दत्ताला आवाजाचं वेड मामांकडून आलं. मांडवगणला त्याच्या मामांचा साउंडचा धंदा होता. लग्नात, जत्रेत मामांबरोबर वायरी ओढत तो वाढला. पण ज्या संगीतात तो पुढं बुडाला ते मामांनीही कधी ऐकलं नव्हतं. कंपनीच्या टूलरूममध्ये गोव्याचा एक जण होता, साव्हियो नावाचा. त्यानं एक सीडी आणून दिली. डार्क ट्रान्स, असं त्या प्रकाराचं नाव. दत्तानं पहिल्यांदा लावली तेव्हा मी गहू निवडत होते. बराच वेळ ऐकून मी विचारलं, "गाणं कवा सुरू होतंय?" तर म्हणाला, हेच गाणं.

त्यात शब्द नव्हते, कुणी गात नव्हतं. एक ठोका, धावत्या माणसाच्या काळजासारखा, न थांबणारा. त्याच्यावर काहीतरी घासतंय, सरपटतंय, लांबून कुणीतरी दार आपटतंय. अंधाऱ्या विहिरीच्या पायऱ्या उतरत राहाव्यात आणि पाणी येऊच नये, तसं. मला भीती वाटली आणि मग झोप आली. दत्ता मात्र भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. नंतर त्यानं सांगितलं की रेडिओवरची गाणी ऐकताना त्याला कायम वाटायचं, ही कुणा दुसऱ्याच्या आयुष्यातली आहेत. प्रेसवर आठ तास उभं राहिल्यावर माणसाच्या डोक्यात जे चालू असतं ते ह्यात होतं.

प्रेस मी एकदाच पाहिली, कंपनीच्या फॅमिली डेला. दोन माणसं उंच मशीन. खाली पत्रा ठेवायचा, वरून अवजड लोखंड येतं, दाब बसतो आणि सपाट पत्र्याचा गाडीचा भाग होऊन पडतो. जमीन हादरते. पुन्हा पत्रा, पुन्हा दाब. कानात घालायला पिवळे बोळे दिलेले होते, पण ते घातले की मशीनचा आवाज बदललेला कळत नाही आणि हात सापडायची भीती, म्हणून बहुतेकांचे बोळे खिशात असायचे.

त्या उन्हाळ्यात दत्तानं स्वतःचा ट्रॅक करायला घेतला. नाव ठेवलं ‘दाब’. भारनियमनाचे दिवस होते. वीज असेल तेवढ्यात तो हेडफोन लावून बसायचा. चेहऱ्यावर घाम, पाठीला चिकटलेला बनियन, आणि बोटं माउसवर. मी बाजूला आडवी पडून त्याची पाठ बघत राहायची. मला त्याचा हेवा वाटायचा. एवढं दमूनही त्याच्याकडे एक जागा होती जिथं जायला तो घाई करायचा.

ट्रॅक झाल्यावर त्यानं साव्हियोला घरी बोलावलं. साव्हियोनं हेडफोन लावले, ऐकलं, आणि अर्ध्यातच तोंड वाकडं करून काढून ठेवले. नीचे का सब मस्त है, म्हणाला, लेकिन ऊपर बहुत काट रहा है. दत्ताला पटेना. वर तर काहीच नाही, उलट अजून थोडं धारदार करायचं चाललंय, असं तो सांगत होता. मग मी हेडफोन लावले. काचेवर खिळा ओढत न्यावा तसं काहीतरी कानातून आत गेलं. मी ताबडतोब काढले. आम्ही दोघं दत्ताकडे बघत होतो आणि तो आमच्याकडे. जाताना साव्हियो बाहेर चपला घालताना मला हळूच म्हणाला, "भाभी, उसको सुनाई तो ठीक देता है ना?"

मी हो म्हणाले. पण दार लावताना मला एकेक आठवायला लागलं. कुकरची शिट्टी झाली तरी दत्ता उठायचा नाही. हातातल्या घड्याळाचा गजर वाजत असायचा आणि तो शांत असायचा. मी समजत होते, थकलाय.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वटपौर्णिमा झाली. मी हातभर नव्या हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. सणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पीठ मळत होते. दत्ता माझ्याकडे पाठ करून बसला होता. तो म्हणाला, "बांगड्या घालीत न्हाईस व्हय गं हल्ली? पयलं कशा वाजायच्या कामाला लागलीस की."

मी हात परातीत तसाच धरून राहिले. मग मुद्दाम हलवला. जोरात हलवला. बांगड्या वाजल्या. दत्ता वळला नाही.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही शिरूरला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्याला एका लहान बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले, आवाज ऐकू आला की बटण दाब म्हणाले. मी बाहेर काचेतून बघत होते. सुरुवातीला त्याचा अंगठा झटपट हलत होता. मग हळू झाला, मग थांबला. तो मान किंचित तिरकी करून वाट बघत होता, एसटीची वाट बघावी तशी, आणि बाहेर मशीनचे आकडे वाढत होते.

डॉक्टरांनी कागद दाखवला. त्यावर एक रेघ होती. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. रेघ डावीकडून सरळ चालत आली होती आणि पाय घसरावा तशी एकदम खाली गेली होती. डॉक्टर भले होते, त्यांनी समजावून सांगितलं. नसा मेल्यात, गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते जपा. मोठ्या आवाजापासून लांब राहा. हेडफोन बंद.

परत येताना सहाआसनी रिक्षात आम्ही दोघं मागं तोंड करून बसलो होतो. रस्ता आमच्यापासून लांब पळत होता. दत्ता म्हणाला, "तू बोलतीस त्यातलं मला किती ऐकू येत आसंल?"

मी त्याचा हात धरला, बाकीचे प्रवासी बघत होते तरी.

त्याच दिवसांत परदेशातल्या एका वेबसाइटचं उत्तर आलं. असलं संगीत जमवून लोकांपुढं ठेवणारी ती साइट होती, आणि साव्हियोनं दत्ताला न विचारता तिथं ‘दाब’ पाठवून दिला होता. त्यांना तो आवडला होता. सिंगल म्हणून, म्हणजे एकटाच सुटा, काढायची तयारी होती. दोन गोष्टी हव्या होत्या: वरचा काटणारा आवाज नीट करायचा, आणि सिंगलबरोबर त्याच ट्रॅकचं दुसरं, वेगळं रूप द्यायचं. ऑल्टरनेट मिक्स म्हणतात त्याला.

दत्तानं ते ऐकून कॉम्प्युटरवर साडीचा तुकडा घातला आणि झोपून गेला. दोन-तीन दिवस त्यानं तो काढला नाही. शेवटी मीच काढला. म्हटलं, मला ऐकू येतंय की. तुम्ही करा, मी ऐकते.

मला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. गावाकडे सासऱ्यांच्या मेंढरांची लोकर कातरावी तसं आम्ही ते काम केलं, इंचाइंचानं. मी हेडफोन लावून बसायची, तो पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायचा. माझ्याकडे शब्द नव्हते, म्हणून स्वयंपाकघरातले वापरले. इथं टोचतंय. इथं चरचरतंय, फोडणी जळल्यासारखं. इथं बरं वाटतंय, ताकासारखं. त्याला कळायचं. टोचतंय म्हटलं की तो पडद्यावरची एक रेघ खाली ओढून तेवढा आवाज कमी करायचा, चरचरतंय म्हटलं की दुसरी. मग मी पुन्हा पहिल्यापासून ऐकायची. तोच ठोका, तीच विहीर. पॅकिंगची शिफ्ट करून आलेली असायची, पाय सुजलेले असायचे, डोळ्यांवर झापड यायची. एकदा हेडफोन लावूनच झोपले तर त्यानं उठवलं नाही. जागी झाले तेव्हा वीज गेलेली होती आणि तो मला पुठ्ठ्यानं वारा घालत बसला होता.

असं पहिलं मिक्स पुरं झालं. साव्हियोनं ऐकून दत्ताची पाठ थोपटली. दत्ता हसला, पण काय सुधारलं ते त्याला स्वतःला ऐकू येत नव्हतं. आमच्या शब्दावर त्यानं ते मानलं होतं.

आणि मग कंपनीतली मेडिकल आली. दत्ता कॉन्ट्रॅक्टवर होता, आणि त्या वर्षी काही जणांना पर्मनंट करणार होते, त्यात त्याचं नाव होतं. मांडवगणला आबा, म्हणजे माझे सासरे, गावात सांगून बसले होते. आबांचा जन्म मेंढरांमागं गेला. पावसाळा सरला की कोकणात आणि पाऊस लागला की परत, हातात काठी, डोक्यावर आभाळ. एका जागी टिकणं म्हणजे काय ते त्यांना पर्मनंट ह्या शब्दातच सापडलं होतं.

मेडिकलमध्ये कानाची तपासणी असायची. जुन्या ऑपरेटरांची एक युक्ती होती, ती त्यांनी दत्ताला मायेनं सांगितली. तपासणाऱ्याकडं बघायचं, आवाज सोडताना त्याचं बोट हलतं, बोट हललं की आपण बटण दाबायचं. बरेच जण तसेच पर्मनंट झाले होते. मीही रात्रंदिवस तेच म्हणत होते. काय बिघडतंय? बोटाकडं तर बघायचंय.

दत्ता गेला, खुर्चीत बसला, आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा मी तवा चुलीवरून उतरवला. मी विचारलं, का?

"आज बोट बघून हो म्हणलो आसतो," तो म्हणाला, "तर पुन्हा तिथंच उभं राहायचं. उरलंय ते बी तिथंच जायचं. मग घरात बी तसंच. तुझं तोंड हाललं की हो म्हणायचं. जलमभर."

प्रेस शॉपसाठी अनफिट, असा शेरा आला. दुसऱ्या विभागात कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला जागा नव्हती. जुलैच्या मध्याला त्याचं काम संपलं.

त्यानंतरचे दिवस मला सगळ्यात नीट आठवतात आणि त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार थोडं आहे. मी कामावर जायची, तो घरी असायचा. दुपारी आले की खोली झाडलेली असायची, भात लावलेला असायचा, आणि तो कॉम्प्युटरपुढे असायचा, हेडफोन नसलेला, छोट्या स्पीकरला हात लावून बसलेला. दुसरं मिक्स चाललं होतं. त्यात त्यानं माझी मदत मागितली नाही. फक्त एक दिवस एक लहान माइक पुढे धरला आणि म्हणाला, बोल. काय बोलू? रोजचं बोल. मग मी रोजचं बोलले. चहा ठेवते. शेजारीण कढीपत्ता मागत होती. सुपरवायझरनं आज परत दोन बायकांचं काम एकीला दिलं. पायात गोळे आलेत.

ते मिक्स त्यानं मला एका दुपारी ऐकवलं. ठोका तोच होता, पण चाल निम्म्यावर आणलेली. धावणारा माणूस आता दमून चालत होता. वरचं सगळं गेलेलं. घासणं, सरपटणं, काही नाही. रजईखाली डोकं घातल्यावर बाहेरचं जग ऐकू येतं तसं. आणि मग त्यातून एक बाई बोलायला लागली. मला आधी कळलं नाही कोण ती. चहातला ‘च’ नव्हता. शेजारणीतला ‘श’ नव्हता. नुसता आवाजाचा गोळा, पाण्याखालून कुणी हाक मारावी तसा, चढणारा, उतरणारा. चढउतारावरून ओळखलं. मी होते.

डॉक्टरांच्या कागदावरची रेघ त्यानं कॉम्प्युटरवर तशीच्या तशी ओढली होती आणि सगळा आवाज त्या रेघेतून गाळला होता. मग त्यानं माझं मूळ बोलणंही लावून दाखवलं, न गाळलेलं, लख्ख. एकदा हे, एकदा ते. आणि विचारलं, "मला दोन्ही सारखंच वाटतंय. फरक हाय का काही?"

मी म्हणाले, "हाय."

रिक्षातल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं स्वतःच शोधलं होतं, आणि ते त्याला एकट्यालाच ऐकू येत नव्हतं. मी उठून चहा ठेवला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी समोर येऊन, सावकाश बोलायला लागले. चिडचिड झाली की मला त्या पाण्याखालच्या बाईची दया यायची. त्याची यायची तेवढीच.

श्रावणात आम्ही कारेगाव सोडलं. दौंडात माझ्या थोरल्या भावाच्या ओळखीनं मोटार रिवायंडिंगचं दुकान बघितलं होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची. बसून करायचं, हातानं करायचं, शांत काम. सामान भरायला आबा आले होते. पर्मनंटचा विषय त्यांनी काढला नाही. दत्तानंही काढला नाही. दोघं मिळून पेटी उचलत होते, ठेवत होते. सगळं टेम्पोत गेल्यावर शेवटी कॉम्प्युटर राहिला, तेव्हा आबांनी विचारलं की ह्याच्यात तू एवढं काय करीत होतास ते तरी ऐकव.

दत्तानं आधी पहिलं मिक्स लावलं. आबांनी थोडं ऐकलं आणि हातानंच बंद कर म्हणून खुणावलं. मग दुसरं लावलं. आबा उकिडवे बसले होते ते भुईवर नीट मांडी घालून बसले. वयानं त्यांनाही कमी ऐकू यायचं. माझा आवाज आला तशी त्यांनी मान वर केली.

"ही सूनबाई हाय व्हय?"

दत्तानं मान हलवली.

"दमल्याली दिसती," आबा म्हणाले, आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग उठून धोतर झटकलं, दत्ताच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चला, पावसाच्या आत पोचू.

पुढं ‘दाब’ त्या वेबसाइटवर आला. साव्हियोनं फोन करून सांगितलं की कुठल्या कुठल्या देशांतली पोरं त्यावर नाचतायत. पहिल्या मिक्सखाली लोकांनी चांगलं लिहिलं होतं. दुसऱ्याखाली एकानंच लिहिलं होतं, की फाइल खराब झालेली दिसते, पुन्हा चढवा. दत्ता ते वाचून खूप दिवसांनी मोठ्यानं हसला. त्यानंतर त्यानं दुसरा ट्रॅक केला नाही. मी कधी विचारलं नाही का. दुकान बसायला वर्षं गेली, मुलगी झाली, उसाचे हंगाम आले, उन्हाळे आले. माणूस एखादी गोष्ट टाकून देतो की ती गळून पडते, हे जवळ राहणाऱ्यालाही सांगता येत नाही.

गेल्या वर्षी, मुलीच्या हट्टानं, त्यानं कानाचं मशीन घेतलं. पहिले दिवस त्याला काही सोसेना. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज, पातेल्यातलं चमच्याचं खरवडणं, सगळ्यानं दचकायचा. मुलीचं नाव श्रद्धा. तिच्या नावात ‘श’ आहे हे ऐकून तो तिला उगाच हाका मारत होता.

एका रविवारी दुपारी त्यानं जुन्या सीडीवरून ‘दाब’ लावला. पहिलं मिक्स. मी वाटाणे सोलत होते. तो खुर्चीत पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता. आमच्या कारेगावच्या त्या दुपारी, एकेक रेघ खाली ओढत केलेलं ते सगळं, तो पहिल्यांदा ऐकत होता. ट्रॅक लांब आहे. मध्ये एकदाही त्यानं मान वर केली नाही. संपल्यावर पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

मला वाटलं, आता काही चुकलेलं सांगेल. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"लई दमली आसशील गं तवा," तो म्हणाला.

मी सोललेले वाटाणे एका बाजूला सारले आणि म्हणाले, "व्हय."